मावशीने पासपोर्ट काढला

माझ्या मावशीला जग बघायची हौस कधीच नव्हती. तिला पासपोर्ट हवा होता तो एका माणसाच्या जेवणाच्या टेबलावर एक वस्तू ठेवून यायला. वस्तू म्हणजे माझ्या आजीची कवळी, वरची आणि खालची, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत. आणि माणूस म्हणजे मावशीचा सख्खा धाकटा भाऊ, माझा मामा. हे वाचून कोणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं. मला तेव्हाही आलं नव्हतं आणि आताही येत नाही.

मावशी बाइंडिंगच्या कारखान्यात काम करते. छापून आलेले मोठाले कागद दुमडून त्यांचे फर्मे करायचे, ते क्रमाने लावायचे, शिवायचे, पाठीला सरस लावून दाबाखाली ठेवायचे. मिसरूड फुटायच्या वयात मामा कॉलेजात गेला आणि त्याच वर्षी मावशी कारखान्यात गेली. त्याचं शिक्षण संपलं, मावशीचं काम संपलं नाही. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं तर ती म्हणते, "सुट्टी मिळाली नाही." माझी आई ही त्या दोघांमधली बहीण. मी शाळेत असताना ती गेली आणि मी मावशी-आजीच्या दोन खोल्यांत राहायला आले ती तिथलीच झाले. आता मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. राग माझ्याही नाकावरच असतो, पण माझा येतो तसा जातो. मावशीचा येत नाही चटकन, आणि आला की मुक्कामाला येतो.

मामा शिकायला परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. सुरुवातीला दोनदा आला. मग येणं राहिलं आणि रविवारचा फोन राहिला. त्या फोनवर त्याची दोन वाक्यं ठरलेली. एक आजीसाठी: "आई, एक दिवस न सांगता दारात येऊन उभा राहीन, बघच तू!" दुसरं मावशीसाठी: "ताई, तू ये ना गं इकडे एकदा. पण तुझा पासपोर्टच नाही, आता काय करणार!" दोन्ही वाक्यांना त्याला काही खर्च पडत नव्हता. मावशी त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायची. आजीने मात्र त्याचं वाक्य खरं धरलं.

आजीला कवळी कधी नीट बसलीच नाही. हिरड्या सोलवटायच्या. त्यामुळे दिवसभर ती पाण्याच्या पेल्यात असायची आणि आजी सगळं मऊ करून गिळायची. पण दाराची बेल वाजली की आजीचा हात आधी पेल्याकडे जायचा. सोन्या आला असेल तर त्याला आईचं बोळकं दिसायला नको! पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला माणूस, पण तिच्या लेखी सोन्याच. ताटावर बसलेली असली तरी घास तोंडात तसाच ठेवून उठायची, पाठ फिरवून कवळी बसवायची आणि हसऱ्या तोंडाने दारात जायची. दारात मीटर बघणारा असायचा. नाहीतर शेजारच्यांचं पार्सल. आमच्याकडच्या मीटरवाल्याइतकं सुंदर स्वागत त्या भागात कोणाचं होत नसेल. मी ओरडायचे, "अगं आजी, तो कसला येतोय!" त्यावर ती म्हणायची, "न सांगता येणार म्हणालाय ना? मग सांगून कसा येईल?"

शेवटच्या आजारात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मावशीने मामाला कळवलं. तो म्हणाला, "फोन आईच्या कानाला लाव." लावला. मी शेजारीच होते, मला स्वच्छ ऐकू आलं. "आई, मी निघालोच आहे." आजीने खुणेने पेला मागितला, कवळी बसवली आणि त्यानंतर ती काढू दिली नाही. हिरड्यांना जखमा झाल्या, डॉक्टर रागावले, मी हात जोडले. ती जबडा आवळून पडून राहिली, डोळे दाराकडे. तशीच गेली. मामा आला नाही. पुढे कधीतरी मामीच्या तोंडून निसटलं, की ह्यांचं तिकीट काढायचं राहूनच गेलं. निघालोच आहे म्हणाला तेव्हा माणूस सोफ्यावर होता.

आजीच्या तोंडातली कवळी मावशीने काढली. नळाखाली धरून ब्रशने घासली, पुसली, डबीत ठेवली. रडली नाही. मला म्हणाली, "ही त्याची आहे. पोचती करायची." मला वाटलं, दुःखाने बोलतेय.

थोड्या दिवसांनी रविवारचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मामा म्हणाला, "ताई, आता काय, तू मोकळी झालीस. ये ना गं इकडे एकदा. पण तुझा पासपोर्टच नाही, आता काय करणार!" मोकळी झालीस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी शांतपणे "हो ना," म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "पासपोर्ट कसा काढतात गं?"

अर्ज मी भरला, वेळ मी घेतली. ठरलेल्या दिवशी सकाळी मावशी मोरीत बसून हात घासताना दिसली. वाळलेला सरस बोटांवर चिवट पापुद्रा धरतो, साबणाला दाद देत नाही. म्हणून बाइंडिंगवाले सुतारांकडचा पॉलिशपेपर घेतात आणि बोटांची टोकं त्याने घासतात. मावशी हे रोज करते. त्या दिवशी तिने नवा तुकडा घेतला होता आणि जरा जास्तच मनापासून चालवला होता. "साहेबांसमोर हात स्वच्छ हवेत," म्हणाली. बोटं सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत झाली होती. मी बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीच आलं नाही, हे विशेष.

पासपोर्टचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक गार हॉल. एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, भिंतीवर टोकनचे आकडे, आणि प्रत्येकाच्या मांडीवर फाइल. मावशीने तिची ठेवणीतली पर्स दोन्ही हातांनी धरली होती. पर्समध्ये कवळीची डबी. मी म्हटलं, "अगं, आज फक्त अर्ज द्यायचाय." ती म्हणाली, "असू दे. आईलाही कळेल काम चालू झालं."

पहिल्या खिडकीत साखळीचा चष्मा लावलेल्या बाई होत्या. कागद बघत बघत एका रकान्यापाशी थांबल्या. "अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे भावाचं नाव आहे. बरोबर?"

जवळचा नातेवाईक म्हणून मीच ते लिहिलं होतं. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत बसल्या बसल्या आक्रसले.

"ते खोडा," मावशी म्हणाली.

"का हो? सख्खा भाऊ आहे ना?"

"सख्खाच आहे. पण त्याला कळवून बघितलंय. येत नाही."

बाईंनी चष्मा वर केला आणि भावाचं नाव खोडलं. तिथे माझं नाव लागलं.

दुसऱ्या खिडकीत ठसे घेणारा तरतरीत तरुण होता. त्याने मावशीची चार बोटं काचेवर ठेवली, यंत्र कण्हलं आणि लाल दिवा लागला. पुन्हा ठेवली. पुन्हा लाल. काच पुसली, बोटं पुसली, ओल्या फडक्याने दाबली, अंगठे वेगळे ठेवले. शेवटी त्याने मावशीचा हात उलटा करून दिव्याखाली धरला.

"मावशी, तुम्हाला ठसेच नाहीयेत."

"होते," मावशी म्हणाली.

"काय काम करता?"

"बाइंडिंग."

"कागदाने झिजतात. पण इतकी टोकं... आज काही लावलंत का हाताला?"

पॉलिशपेपरचं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. मग त्याने आतल्या साहेबांना विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, की हाताला पूर्ण विश्रांती द्या, तेल-क्रीम लावा, कागदाला शिवू नका, ठसे उगवले की परत या. बाहेर आल्यावर हॉलच्या पायरीवर उभी राहून मावशीने स्वतःची बोटं डोळ्यांजवळ धरली. "तो शिकला ते या बोटांवर," ती म्हणाली. "आणि आता त्याच्या दारात जायला हीच बोटं पुरत नाहीत. म्हणजे तिथेही त्याचंच फावलं." त्या क्षणी मामा समोर असता तर मी त्याचा काय समाचार घेतला असता ते लिहीत नाही.

कारखान्याच्या मालकाला मावशीने सांगितलं की रजा हवी. कशासाठी? तर ठसे उगवायला. मालकाला वाटलं मावशीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिने आयुष्यात कधी रजा घेतली नव्हती, त्यामुळे नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

मी दुकानातून ग्लिसरीन आणलं, सुती हातमोजे आणले. मावशी सकाळ-संध्याकाळ ग्लिसरीन चोपडायची आणि मोजे घालून नवरीसारखी बसून राहायची. भांडी मी, कपडे मी, चिरणं-शिजवणं मी. मी कपडे पिळायला लागले की ती दारातून सूचना करायची. एकदा माझा पारा चढला. "एवढंच आहे तर पीळ की तू!" म्हटलं. तिने मोजे घातलेले दोन्ही हात वर करून दाखवले. या बाईला रजा मानवत होती आणि ते तिला स्वतःलाच पटत नव्हतं.

हात रिकामे, मग डोकं कामाला लागलं. मामाच्या घरात गेल्यावर काय बोलायचं त्याची तालीम सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला मी, म्हणजे मामा. समोर मावशी, पर्ससकट. पाहुणे बसलेले असले पाहिजेत ही तिची अट होती. "चारचौघांत करायचं. एकट्याला गाठलं तर रडेल, आणि रडला की मी विरघळेन." पहिल्या दिवशी तिने मला, म्हणजे मामाला, असं धुतलं की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. लहानपणीचे ताप, परीक्षा, विमानतळावर आजीला न मारलेली मिठी, सगळं निघालं. मी टाळ्याच वाजवल्या. मावशी मात्र खूश नव्हती. "लांबलं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने कापलं. तिसऱ्या दिवशी आणखी. पुस्तक शिवून झालं की तिन्ही कडा कापून साफ करतात, तसं ती ते भाषण रोज कापत गेली. शिव्या गेल्या, तापाच्या रात्री गेल्या, मिठी गेली. एका दुपारी तिने पर्स उघडली, डबी काढली, झाकण काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "आईने पाठवलीय."

बास. एवढंच. माझ्या हातातला घास खाली पडला. मी काही मामा नव्हते, माझा काही गुन्हा नव्हता, तरी मला पुढे जेवता आलं नाही. मावशीने माझ्या तोंडाकडे बघून मान हलवली. "आता जमलं."

त्या सुमारास ठसे उगवायला लागले. आधी अंगठ्यावर, पुसट रेघा. मावशी खिडकीशी जाऊन उजेडात बघायची, मला हाका मारायची. "ये, बघ, करंगळीलाही आलं!" मला त्या रेघा बघून भलताच आनंद व्हायचा. बाकीच्या घरांत कुंड्यांना फुलं येतात, आमच्या घरी सूड उगवत होता आणि आम्ही दोघी त्याला ग्लिसरीन घालत होतो.

दुसऱ्या खेपेला तोच तरुण होता. त्याने बोटं काचेवर ठेवली. यंत्र कण्हलं, हिरवा दिवा. दुसरा हात, हिरवा. अंगठे, हिरवे. "अरे वा मावशी!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की रांगेतले लोक बघायला लागले. मावशीने हात काचेवरून उचलले नाहीत, त्यानेच शेवटी सांगितलं, "झालं, घ्या आता."

सगळ्यात आतल्या खिडकीत मोठे साहेब होते. प्रेमळ माणूस. कागदांवर सह्या करता करता त्यांनी सहज विचारलं, "कुठे, फिरायला का?"

"भावाकडे."

"अरे वा! बऱ्याच वर्षांनी भेट?"

"बऱ्याच."

"भाऊ खूश होतील."

"नाही होणार," मावशी म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. मी घाईने म्हटलं, "गंमत करतेय ती." मावशीने मला दुजोरा दिला नाही. साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, पर्सवर घट्ट दाबलेल्या हातांकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. प्रत्येक घरात एखादा भाऊ असतोच, त्यांच्याही असेल.

पासपोर्ट घरी आला तो शनिवारी. मावशीने हात धुऊन पाकीट फोडलं. आधी पाठ बघितली, शिलाई बघितली, मधलं पान उघडून दोरा तपासला. "बरी आहे बांधणी," म्हणाली. मग फोटो. फोटोत ती कोणालातरी दम देताना दिसत होती.

रविवारी मामाचा फोन आला. तोंड दिसणारा फोन. पाठीमागे त्याचं जेवणाचं टेबल, तालमीत आमचं टेबल ज्याच्या जागी असायचं ते. गप्पा झाल्या. मावशीने काही काढलं नाही, वाट पाहत बसली. आणि मामाने स्वतःच्या तोंडाने खड्डा खणला. "ताई, तू ये ना गं इकडे एकदा. पण तुझा पासपोर्टच—"

मावशीने पासपोर्ट फोनसमोर धरला.

माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणजे नेमकं काय होतं ते मी त्या दिवशी बघितलं. आधी हसू तसंच राहिलं, मग त्यातला मामा निघून गेला. "अगं... वा. वा वा! कधी काढलास?" आणि लगेच सुरू झालं. सध्या इथे थंडी फार आहे. आमच्याकडे जिने आहेत, तुझे गुडघे. घराचं काम काढतोय, सगळीकडे धूळ. "आणि ताई, नुसत्या पासपोर्टने होत नाही हं. व्हिसा लागतो. तिथे पुन्हा ठसे-बिसे घेतात."

"आहेत माझ्याकडे," मावशी म्हणाली.

"हो, पण... कधीचं म्हणतेस? म्हणजे मला सुट्टी टाकायला—"

माझी नजर पर्सवर होती. आता डबी निघणार, आता ते वाक्य येणार. तिचा हात पर्सवर होताच. पण तिने पर्स उघडली नाही. ती भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. हा माणूस घाबरलाय, हे तिला तेव्हा दिसलं असणार. मग ती हसली, अगदी आजीसारखी, दारातल्या मीटरवाल्याला बघून आजी हसायची तशी.

"सुट्टी नको टाकूस," ती म्हणाली. "मी न सांगता येईन. एक दिवस दारात येऊन उभी राहीन, बघच तू."

त्याला स्वतःचं वाक्य ओळखू आलं. त्याने खाली बघितलं आणि पहिल्यांदाच फोन त्याने आधी ठेवला.

पुढच्या आठवड्यात मावशी कामावर गेली. मी चक्रावले. "अगं, व्हिसाचं काय? भरू का अर्ज?" ती म्हणाली, "भरू. घाई काय आहे?" मला तिचा रागच आला. एवढी तालीम, एवढं ग्लिसरीन, मी पिळलेले ते कपडे, सगळं कशासाठी? माझी स्वप्नं ठरली होती: ते टेबल, ते पाहुणे, मामाचा घास हातातून पडताना. मी चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

मग मामीचा फोन आला, मावशीला नव्हे, मला, दुकानात. आवाज दबका. "ताई नक्की कधी येणार आहेत गं? मला तरी सांग. ह्यांचं काही खरं नाही. बेल वाजली की दचकतात. परवा पाहुणे जेवायला बसले होते, बेल वाजली, तर हे भरल्या ताटावरून उठले. पार्सलवाला होता. परत येऊन बसले, पण जेवले नाहीत."

मी दुकान शेजारच्याच्या भरवशावर टाकलं आणि थेट कारखान्यात गेले. मावशी फर्मे दुमडत होती. तिने बोटांच्या टोकांवर कापडाच्या टोप्या घातल्या होत्या, स्वतः शिवलेल्या. पॉलिशपेपर तिने सोडलाय, ठसे पुढेही लागतील म्हणते. मी एका दमात सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"ताटावरून उठला?"

"भरल्या ताटावरून."

"तोंडात घास होता?"

"ते मामी बोलली नाही."

मावशीने दुमडलेला फर्मा गठ्ठ्यावर ठेवला.

"पासपोर्ट किती वर्षं चालतो गं?"

"दहा."

"आणि मग?"

"मग नवा काढून मिळतो."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचा कागद ओढून घेतला.